घरातली जुनी तसबीर ओरिजिनल आहे की छापील, हे घरच्या घरी कसं बघायचं

आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मामाने माळ्यावरचं सगळं खाली काढलं, पितळेचे डबे, पाट, जुनी पंचांगं, आणि त्यात एका विरलेल्या नऊवारीत गुंडाळलेली लक्ष्मीची तसबीर निघाली, सागवानी चौकट, काच एका कोपऱ्यात तडकलेली, पण रंग अजून असे की बघत राहावं. मामाचं लहानपणापासून एकच म्हणणं, ही राजा रविवर्म्याच्या हातची आहे, पणजोबांनी आणली. मावशी म्हणाली कसली हातची, छापील आहे, अशी तर अख्ख्या वाडीत प्रत्येकाकडे होती. दोघंही ठाम. म्हणून मी जवळजवळ वर्षभर या एका तसबिरीच्या मागे लागलो, जाणकारांना विचारलं, भिंग घेऊन बसलो, म्युझियममध्ये तासन् तास उभा राहिलो, आणि जे कळलं ते इथे लिहितोय, कारण आत्ता मुंबईत गिरगाव, दादर, लालबाग, परळ सगळीकडे माळे रिकामे होतायत आणि लोक अशा वस्तू एकतर भंगारवाल्याला देतायत नाहीतर कोणीतरी सांगितलं म्हणून पडेल त्या भावात विकतायत.

सगळ्यात आधी एक गोष्ट, प्लीज ती पुसू नका. ओल्या फडक्याने नाही, कापसाने नाही, बटाट्याची फोड फिरवून तर अजिबात नाही, आणि काचेवर क्लीनरचा स्प्रे पण मारू नका कारण तो कडेने आत झिरपतो आणि कागदाला कायमचा डाग पडतो. आणि लगेच फ्रेमवाल्याकडे नेऊ नका. माझ्या एका नातेवाइकांनी त्यांच्या आजोबांचं चित्र नवीन फ्रेम करायला दिलं, परत आलं तेव्हा एकदम चकाचक, नवीन काच, मागे नवीन पुठ्ठा, आणि जुनी फळी, तिच्यावरचं दुकानाचं लेबल, आत लावलेला जुन्या पेपरचा कागद, सगळं कचऱ्यात गेलेलं. त्या पेपरवर तारीख असणार होती हो! चित्राचं अर्धं आयुष्य पाठीमागे लिहिलेलं असतं आणि आपण पुढूनच बघत बसतो.

त्यामुळे पहिलं काम फोटो. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, पुढून एक, मागून एक, चारही कोपरे, चौकटीचे सांधे, खिळे, लेबलं, पेन्सिलने लिहिलेलं काही असेल तर ते. सोबत लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवा, चौकटीची नाही, आतल्या चित्राची.

आता प्रश्न नीट मांडायचा. "ओरिजिनल आहे का" या एका प्रश्नात चार-पाच वेगळे प्रश्न लपलेले असतात आणि बहुतेक घरातली भांडणं त्यामुळेच होतात. चित्रकाराने स्वतः रंगवलेलं चित्र ही एक गोष्ट. त्या चित्रावरून दुसऱ्या कोणी हाताने रंगवलेली कॉपी ही दुसरी. त्याच काळात प्रेसमध्ये छापलेली प्रिंट ही तिसरी, आणि हल्ली त्या प्रिंटचा फोटो काढून पुन्हा छापलेली ही चौथी. पाचवा प्रकार म्हणजे फोटोवरच रंग चढवलेलं पोर्ट्रेट, त्याबद्दल पुढे सांगतो. यातली तिसरी जी आहे, जुनी छापील, ती नकली नाही हे आधी डोक्यात पक्कं करा, तिला स्वतःची किंमत आहे आणि संग्राहक ती शोधत असतात. मामा आणि मावशी दोघं आपापल्या जागी कसे बरोबर असू शकतात ते इथे कळतं.

रविवर्म्याचंच उदाहरण घेऊ, कारण मराठी घरात "खरी आहे" असा दावा सगळ्यात जास्त याच नावाचा असतो. रविवर्मा 1848 साली जन्मले, 1906 ला गेले. 1894 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा लिथोग्राफिक म्हणजे दगडावरून छापणारा प्रेस काढला, जर्मनीहून मशिनं आणि तंत्रज्ञ आणले, आणि 1899 मध्ये तो प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. पुढे तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला पण छपाई त्याच नावाने चालू राहिली, आपले दादासाहेब फाळके सुद्धा सिनेमात यायच्या आधी तिथे काम करत होते. या प्रेसमधून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती अशी चित्रं प्रचंड संख्येने बाहेर पडली आणि देवघरात गेली. म्हणजे तुमच्या घरात रविवर्म्याची लक्ष्मी असेल तर ती छापील असण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त आहे हे मनात धरूनच सुरुवात करायची, मग निराशा होत नाही आणि कोणी उल्लू पण बनवू शकत नाही.

मग ती छापील चित्रं हाताने रंगवल्यासारखी का वाटतात? कारण ती तशी वाटावीत म्हणूनच बनवलेली होती. याला ओलिओग्राफ म्हणतात. चुनखडीच्या सपाट दगडावर एकेका रंगासाठी वेगळं चित्र काढायचं, पिवळ्याचा एक दगड, लालचा एक, गुलाबीचा एक, निळ्याचा एक, असे चांगल्या चित्राला डझनभर किंवा जास्त सुद्धा दगड लागायचे, आणि तोच कागद प्रत्येक दगडावर पुन्हा पुन्हा दाबून काढायचा. शेवटी वरून वॉर्निश, आणि बऱ्याचदा कागद दाबून त्याच्यावर कॅनव्हाससारखी वीण उठवायची. शंभर वर्षांनी ते वॉर्निश पिवळं-तपकिरी पडतं, थोडं तडकतं, आणि काचेआडून बघणाऱ्याला शपथेवर वाटतं की हे तैलचित्र आहे.

इथे भिंग कामाला येतं. सोनार वापरतात ते 10 एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, छोटं भिंग घ्या, झवेरी बाजारात सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात मिळतं, नाहीतर मोबाईलचा मॅक्रो मोड चालतो पण भिंगाची मजा वेगळी. चेहरा बघा, गालावर जिथे गुलाबी रंग हळूहळू फिका होत जातो ती जागा. हाताने रंगवलेल्या चित्रात तिथे रंग एकमेकांत मिसळलेला दिसेल, ब्रशच्या केसांच्या बारीक रेघा दिसतील, ठिपके नाहीत. जुन्या लिथोमध्ये ठिपके दिसतील पण वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, लहानमोठे, कारण ते कारागिराने दगडावर हाताने टाकलेले असतात, आणि वेगवेगळ्या रंगांचे ठिपके एकमेकांवर चढलेले असतात. आणि नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपके एकदम शिस्तीत, ओळीत, जाळीसारखे, चार रंगांची छोटी छोटी फुलं तयार झाल्यासारखे, रोजच्या पेपरमधला रंगीत फोटो भिंगाखाली धरलात की लगेच कळेल मी काय म्हणतोय ते. आजकालची कॅनव्हासवरची इंकजेट प्रिंट असेल तर रंगाचे अगदी बारीक फवारे दिसतात आणि कॅनव्हासच्या धाग्यांच्या मधल्या खाचांत रंगाचा थर असा नसतोच.

मी सांगेन की आधी दोन-तीन ओळखीच्या वस्तूंवर डोळा बसवा. पेपर, जुनं कॅलेंडर, लग्नपत्रिका. हे तासाभराचं काम आहे आणि याने अर्धं उत्तर मिळून जातं.

अजून एक खूण म्हणजे रंगांची कड. दगड बदलताना कागद केसभर सरकला की लाल रंग ओठाच्या रेषेबाहेर जातो, साडीच्या काठाला एका बाजूने पिवळी किनार दिसते आणि दुसऱ्या बाजूला पांढरी फट. आमच्या लक्ष्मीच्या कमळाच्या पाकळ्यांना ती फट अगदी स्पष्ट आहे, मी लहानपणी ते चित्र कितीदा बघितलं होतं आणि ती कधी दिसली नव्हती.

मग रात्री खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ चित्राला समांतर धरायचा. तैलचित्रात रंगाची उंची विषयाप्रमाणे बदलते, दागिन्यावरची चमक, मोत्याचा ठिपका, दिव्याची ज्योत इथे रंग जाड असतो आणि सावलीत पातळ. ओलिओग्राफवर मात्र ती दाबलेली वीण सगळीकडे सारखी असते, मुकुटावर तीच, आकाशावर तीच, गालावर पण तीच. हा फरक एकदा डोळ्यात बसायला हवा असेल तर काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, टाटांच्या संग्रहातली युरोपियन तैलचित्रं तिथे आहेत, समोरून नाही तर बाजूला उभं राहून उजेड कसा पडतो ते बघा. रस्ता ओलांडला की एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, तिथेही बघता येईल.

एखादा कोपरा फाटलेला किंवा रंगाचा पोपडा उडालेला असेल तर ते नुकसान तपासासाठी फार उपयोगाचं. छापील असेल तर खाली लगेच कागद दिसतो आणि रंगाला जाडीच नसते. रंगवलेलं असेल तर आधी रंगाचा थर, मग पांढरा अस्तर, मग कापड. पण यासाठी स्वतःहून खरवडू नका. नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन रंग सुटतो का बघा, सुई टोचून बघा, असले सल्ले पण मिळतात, अजिबात ऐकू नका.

खालची पट्टी बघा. चित्राच्या खाली पांढऱ्या मार्जिनमध्ये बारीक अक्षरात चित्राचं नाव, प्रेसचं नाव, कधी नंबर असतो. प्रेसच्या नावाबरोबर कार्ला (मळवलीजवळचं गाव), लोणावळा असं असेल तर छपाई 1899 नंतरची हे नक्की. पण फ्रेम करताना ही पट्टी बऱ्याच लोकांनी कापून टाकलेली असते किंवा ती चौकटीखाली दडलेली असते, त्यामुळे पट्टी दिसत नाही म्हणून हाताने रंगवलेलं, असं होत नाही. आणि नाव दिसलं म्हणजे जुनंच असंही होत नाही. तो प्रेस 1972 मध्ये आगीत जळाला, त्याच्या प्रिंटचे फोटो काढून पुन्हा छापणारे नंतर बरेच झाले, आणि त्या फोटोत खालचं नाव पण येतंच ना. म्हणून अक्षरं सुद्धा भिंगाखाली बघा, जुन्या छपाईत अक्षर एका रंगात भरीव असतं, नवीन छपाईत तेही ठिपक्यांच्या जाळीतून बनलेलं असू शकतं.

आणि प्रेस रविवर्म्याचा म्हणजे चित्र पण त्यांचंच असं समजू नका, एम. व्ही. धुरंधरांसारख्या चित्रकारांची चित्रं पण तिथून निघाली. शिवाय पुण्याचा चित्रशाळा प्रेस होता, 1878 पासून, आणि जर्मनीत छापून आलेली देवादिकांची चित्रंही मुंबईच्या बाजारात विकली जायची. यातलं कुठलंही तुमच्याकडे निघालं तरी ते जपण्यासारखं आहे.

सहीवर लोक सगळ्यात जास्त भरवसा ठेवतात आणि माझ्या मते सगळ्यात कमी भरवसा तिच्यावरच ठेवावा. भिंगाखाली सही ठिपक्यांतून बनलेली दिसली तर ती छापील सही, विषय संपला. ब्रशची वाटली तर ती कशावर बसलीय ते बघा. मूळ सही रंगाच्या थरात मुरलेली असते, म्हणजे रंगाला तडा गेला तर सहीला पण तोच तडा जातो. सहीचा रंग जुन्या तड्यांत उतरलेला दिसला किंवा सही वॉर्निशच्या वर तरंगतेय असं दिसलं तर ती नंतर कोणीतरी घातलेली असू शकते.

पाठ बघताना घाई नको. कॅनव्हास असेल तर तो लाकडी पट्ट्यांवर कसा ताणलाय, छोटे लोखंडी खिळे मारलेत की स्टेपलच्या पिना आहेत ते बघा. जुन्या कामात खिळे असतात, ते गंजतात आणि गंजाचा तपकिरी डाग कापडात उतरतो. स्टेपल पिना असतील तर काम किंवा निदान पुन्हा ताणणं अलीकडचं. कॅनव्हास विकणाऱ्या कंपनीचा शिक्का असेल, विन्सर अँड न्यूटन, रीव्ज असल्या विलायती नावांचा, तर त्याचा फोटो काढा, शिक्क्याच्या डिझाइनवरून काळ काढता येतो. लाकूड एकसारखं काळवंडलंय का, की मुद्दाम चहाचं पाणी लावल्यासारखे ओघळ आहेत? मुंबईच्या दमट हवेत खरं जुनं असलेलं सहसा स्वच्छ राहत नाही, कसर लागते, बुरशीचे बदामी ठिपके पडतात, वाळवीची माती असते. पण चौकट जुनी म्हणजे चित्र जुनं असं नसतं, जुन्या चौकटीत नवीन प्रिंट घालून चोर बाजारात विकणं काही अवघड नाही.

कागदासाठी एक सोपी टेस्ट आहे, यूव्ही टॉर्च. लॅमिंग्टन रोडला शोधा, 365 नॅनोमीटरचा घ्या, आणि डोळ्यांत मारू नका. साधारण 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी ब्राइटनर घालतात, तो कागद यूव्हीखाली निळसर पांढरा लख्ख चमकतो. म्हणजे 1900 ची म्हणून सांगितलेली प्रिंट अशी चमकली तर दावा पडला. फक्त काच काढलेली हवी, आणि हे लक्षात असू द्या की कपडे धुवायच्या पावडरमध्ये पण तेच ब्राइटनर असतात, त्यामुळे धुतलेल्या फडक्याने पुसलेला, धुतलेल्या साडीत गुंडाळलेला भाग उगाच चमकू शकतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं, एका कडेला निळं चमकलं आणि मी हबकलो, मग लक्षात आलं की ती कड त्या नऊवारीला चिकटलेली होती. उलट, चमकलं नाही म्हणजे जुनंच हे पण सिद्ध होत नाही. तैलचित्रावर हाच टॉर्च मारला तर जुनं वॉर्निश हिरवट झाक देतं आणि नंतर केलेलं टचिंग काळ्या डागांसारखं वेगळं दिसतं.

आता एक गोष्ट घरबसल्या होते ती म्हणजे हे चित्र अजून कुठे आहे का ते शोधणं. मोबाईलवरून इमेज सर्च करा. तुमच्याकडचं चित्र तंतोतंत एखाद्या म्युझियममध्ये असेल तर तुमचं बहुतेक एकतर प्रिंट आहे किंवा कॉपी. हातात दिवा घेतलेल्या, लवेंडर रंगाच्या साडीतल्या बाईचं चित्र किती घरांत आहे बघा, आणि सगळे त्याला रविवर्म्याचं म्हणतात. ते आपल्या सावंतवाडीच्या एस. एल. हळदणकरांचं आहे, तैलरंगात नाही तर जलरंगात आहे, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मला हे जेव्हा जेव्हा कोणी चुकीचं सांगतं तेव्हा वाईट वाटतं, आपल्याच माणसाचं नाव आपल्याच घरातून पुसलं जातंय.

पोर्ट्रेटबद्दल बोलायचं राहिलं. पणजोबांचं पगडीतलं, खापरपणजीचं नथीतलं मोठं चित्र असेल तर ते बऱ्याचदा फोटो मोठा करून त्यावर हाताने रंग चढवलेलं असतं. डोळे, भुवया, कपाळाच्या आठ्या फोटोइतक्या बारीक, आणि कपडे, खुर्ची, पडदा मात्र सपाट रंगवलेला, असं असलं की समजायचं. तिरपं धरलं की काळ्या भागावर आरशासारखी चंदेरी झाक येते, ती फोटोच्या कागदातली चांदी असते. हे मात्र पक्कं ओरिजिनल, याची दुसरी प्रत बहुतेक नसतेच, त्यामुळे बाजारभाव नसला तरी टाकू नका.

घरच्या गोष्टींची बेरीज-वजाबाकी पण करा. कोण म्हणतं, कोणाकडून ऐकलं, किती साली. पणजोबांनी 1930 मध्ये चित्रकाराकडून हातोहात घेतलं असं कोणी सांगत असेल आणि चित्रकार 1906 ला गेला असेल तर तिथेच थांबा. पण जुने फोटो जरूर काढा, सत्यनारायण, मुंज, लग्न, कोणाच्या तरी मागे भिंतीवर ती तसबीर दिसतेच. आम्हाला मावशीच्या बारशाच्या फोटोत सापडली, त्याच चौकटीत.

एवढं करूनही हाताने रंगवलेलंच वाटतंय तर मग जाणकाराकडे जायचं. वस्तुसंग्रहालयात कलाकृती जतन करणारं सेंटर आहे, आधी फोन करून, फोटो पाठवून चौकशी करा, ट्रेनमधून चित्र काखेत मारून नेऊ नका. सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अ‍ॅस्टागुरु अशी लिलावाची घरं मुंबईतच आहेत, त्यांनाही फोटो पाठवता येतात. पण जो माणूस चित्र विकत घ्यायला उत्सुक आहे त्याच्याच तोंडून ते नकली आहे हे ऐकून विकू नका, दोन वेगळ्या ठिकाणी विचारा आणि मत लेखी मागा. लॅबमध्ये रंगातली द्रव्यं तपासता येतात, उदाहरणार्थ टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग 1920 च्या आसपास बाजारात आला, म्हणून रविवर्म्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रात तो मूळ थरात निघाला तर चित्र त्यांचं नाही. फक्त वरच्या टचिंगमध्ये निघाला तर काहीच सिद्ध होत नाही.

कायद्याचं पण थोडं. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे 100 वर्षांपेक्षा जुनं चित्र हे पुरावशेषात येतं, आणि रविवर्म्याची चित्रं 1979 पासून राष्ट्रीय कलासंपदा आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणून बॅगेत घालून देऊ असं कोणाच्या मनात असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

आमची लक्ष्मी छापील निघाली. वेडेवाकडे ठिपके, सरकलेल्या रंगांची फट, चौकटीखाली दडलेल्या पट्टीवर कार्ला, लोणावळा. पण साडीच्या काठावर, मुकुटावर आणि गळ्यातल्या हारावर जे चमकत होतं ते छापील नव्हतं, ती खरी जरीची तार होती, सुईने टाचलेली, आणि बारीक टिकल्या. त्या काळी बायका देवाच्या तसबिरी अशा घरी सजवायच्या, आणि पाठीमागून कागदावर टाक्यांच्या गाठी एकेक मोजता येतात. मामा आधी जरा गप्प झाला. मग भिंग हातात घेऊन अर्धा तास त्या गाठीच बघत बसला.

आता ती गोरेगावच्या घरात आहे. पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावलेली नाही, आतल्या भिंतीवर आहे, मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळायला जागा ठेवलीय, उन्हापासून लांब, आणि उदबत्ती-निरांजन तिच्याखाली नाही, बाजूला. काच नवीन आहे पण चित्राला टेकत नाही, मध्ये अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठ्याची पट्टी आहे. जुनी फळी आणि लेबल फेकलं नाही, वेगळ्या पाकिटात ठेवलंय, आणि त्या पाकिटात मावशीने स्वतःच्या हाताने एक कागद लिहून घातलाय, की ती जरीची तार पणजीच्या लग्नातल्या शालूची आहे, शालू फाटल्यावर तिने काठ उसवून ठेवला होता. मावशीला हे आधीपासून माहीत होतं, तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं.